‘मसुदा करून दे’ म्हटल्यावर

परवा एका ऊसतोड मुकादमाचा करारनामा टाइप करत होतो. कारखाना कर्नाटकातला, त्यांना इंग्रजी प्रत हवी होती. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीत मदतनिसाचं नवं बटण आलंय, ते दाबलं आणि म्हटलं, कर बाबा भाषांतर. मजकुरात होतं ‘एका कोयत्याची उचल’. आपल्या बीड जिल्ह्यात शाळेतलं पोरगंही सांगेल की कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता, आणि उचल म्हणजे हंगामाआधी हातात पडलेली आगाऊ रक्कम. मदतनिसाने जे इंग्रजी लिहिलं त्याचा अर्थ होत होता, एक विळा वर उचलणे. मुकादमाला सांगितलं तर तो हसत म्हणाला, “मग तर फुकटात झालं की भाऊ.”

माझं दुकान कचेरीजवळ आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज. रेमिंग्टनची दोन मशिनं अजून माळ्यावर आहेत. गेल्या वर्ष-दीड वर्षात काउंटरपलीकडून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, “हे आपोआप कोण लिहितंय?” दर वेळी उभ्या-उभ्या काहीतरी सांगतो, ते पुरत नाही. म्हणून एकदा नीट, बसून सांगतो.

हे बटण आता सगळीकडे आहे. मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल, आउटलुकमधला कोपायलट मार्च २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला मोठ्या कंपन्यांना विकायला काढला, तेव्हा दर होता माणशी महिना ३० डॉलर. गूगलने जेमिनी आधी वेगळे पैसे घेऊन दिला, मग जानेवारी २०२५ मध्ये आपल्या ऑफिसच्या पॅकेजातच घातला. जेमिनीचं मोबाइल अ‍ॅप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन आलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मदतनिसाचं निळं कडंही आलं, आणि आमच्याकडच्या बहुतेकांची ओळख त्या कड्यापासूनच सुरू झाली. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, पण आतली गाडी सारख्याच रुळावरून धावते. म्हणून एकच पत्र घेऊ आणि ते बटण दाबल्यापासून कागदावर येईपर्यंत कुठून कुठून जातं ते पाहू.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी. सिंदफणेला पूर आला, शिरूर कासार, गेवराई, माजलगावकडची सोयाबीन पाण्यात उभी. एक शेतकरी मामा आले. त्यांना पीक विम्याबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांना पत्र द्यायचं होतं. दुकानात रांग होती. मी मदतनिसाला एका ओळीत सांगितलं, ‘आधीच्या पत्रांसारखं पीक विम्याचं पत्र कर, पीक सोयाबीन, हंगाम खरीप २०२५’, आणि बटण दाबलं.

आपल्याला वाटतं, ही ओळ थेट त्या हुशार यंत्राकडे गेली. तसं होत नाही. कचेरीत फाइल कशी चालते ते आठवा. अर्जदाराचा कागद एकटा साहेबांपुढे जात नाही. कारकून त्याला टिपणी जोडतो, मागचा पत्रव्यवहार लावतो, संबंधित शासन निर्णयाला पताका लावतो आणि मग ती फाइल आत जाते. इथे कारकुनाचं काम सॉफ्टवेअर करतं. माझ्या ओळीला ते आधी कंपनीच्या कायमच्या सूचना जोडतं, म्हणजे तू कोण आहेस, काय लिहायचं, काय टाळायचं. मग आजची तारीख, समोर उघडा असलेला कागद, आणि शेवटी माझ्या फोल्डरांमधून शोधून आणलेले जुन्या पत्रांचे उतारे. हा सगळा गठ्ठा दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या भाषेच्या मॉडेलकडे जातो. नेट गेलं की बटण मुकं होतं, ते त्यामुळेच.

ते मॉडेल म्हणजे एक अजब साहेब समजा. वाचन अफाट, लेखणी गोड, पण कालचं काही आठवत नाही. काल मी त्याला कोयत्याचा अर्थ समजावला असला तरी आजच्या फायलीत तो लिहिलेला नसेल, तर त्याच्या लेखी ते बोलणं झालंच नाही. काही सॉफ्टवेअरांत ‘आठवण ठेव’ अशी सोय असते, पण तिथेही आठवतो तो कारकून. तो आठवणीची चिठ्ठी दर वेळी फायलीला टाचतो, एवढंच.

फाइल लावताना जुनी पत्रं सापडतात कशी, हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवत बसत नाही. आपला प्रत्येक उतारा ते आधीच आकड्यांच्या एका लांब यादीत बदलून ठेवतं. अर्थाने जवळचे उतारे आकड्यांनीही जवळ पडतात. म्हणून मी ‘अतिवृष्टी’ म्हटलं तरी ‘ढगफुटीने पीक वाहून गेले’ लिहिलेलं पत्र वर येतं, जरी त्यात अतिवृष्टी हा शब्द नसला. माझा प्रश्नही आकड्यांत बदलतो, आणि त्याच्या शेजारी जे उतारे पडतात ते चार-सहा उचलले जातात.

आता इथे आमच्यासारख्यांची खरी अडचण सुरू होते, आणि ती कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत.

माझ्या हार्डडिस्कवर जवळपास वीस वर्षांची पत्रं आहेत. त्यातली निम्म्याहून जास्त कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेली. स्क्रीनवर ती झकास मराठी दिसतात. पण कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे रेमिंग्टनच्या कळांना चढवलेला मुखवटा आहे. त्यात ‘मराठी’ लिहायला आपण म ला ‘ई’, र ला ‘जे’, कान्याला ‘के’, ठ ला कॅपिटल ‘बी’ आणि वेलांटीला ‘एच’ ही इंग्रजी कळ दाबतो. फाइलमध्ये साठतात ती हीच पाच इंग्रजी अक्षरं, ई-जे-के-बी-एच. फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. माणसाला चेहरा दिसतो, यंत्र मात्र मुखवट्यामागची अक्षरं वाचतं आणि त्याला त्यात काडीचा अर्थ लागत नाही. युनिकोडमध्ये म हा म म्हणूनच साठतो, मग फॉन्ट कुठलाही लावा. अंबाजोगाईत शके १११० मध्ये मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला असं आपण परंपरेने सांगतो, मराठीचा आद्यग्रंथ म्हणून मिरवतो. आणि त्याच बीड जिल्ह्यातल्या कपाटांत, कॉम्प्युटरांत पडलेलं मराठी हे यंत्राच्या लेखी मराठीच नाही.

म्हणजे मी ‘आधीच्या पत्रांसारखं’ म्हटलं तेव्हा मदतनिसाला माझी सगळी पत्रं दिसलीच नाहीत. दिसली फक्त युनिकोडमधली, म्हणजे अलीकडची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. ज्यांच्याकडे अशी जुनी दप्तरं आहेत त्यांनी आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. फुकट कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं आणि रफार तेवढे हाताने तपासावे लागतात.

गठ्ठा मॉडेलपर्यंत पोचला की त्याचे तुकडे होतात. मॉडेल अक्षरं वाचत नाही, शब्दही नाही, ते वाचतं टोकन नावाचे तुकडे. इंग्रजीतला रोजचा शब्द बहुधा एका तुकड्यात मावतो. मराठीची मात्र बरीच वर्षं पार चिंधी होत होती. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीने मे २०२४ मध्ये नवं मॉडेल आणलं तेव्हा एक नमुना स्वतःच दाखवला होता. मराठीतल्या ज्या मजकुराला आधी ९६ तुकडे लागायचे, तो नव्या पद्धतीत ३३ तुकड्यांत बसला. हा नुसता हिशेब नाही. गठ्ठा किती मोठा असू शकतो याला मर्यादा असते, आणि पैसे व वेळ तुकड्यांवर मोजले जातात. तुकडे कमी झाले तशी त्याच फायलीत जास्त मराठी मावू लागली आणि उत्तरही भराभर येऊ लागलं. दोन-तीन वर्षांपूर्वी वापरून ‘याला मराठी जमत नाही’ म्हणून सोडून दिलेल्यांनी पुन्हा एकदा बघायला हरकत नाही.

मग मॉडेल लिहायला लागतं. लिहितं म्हणजे एक तुकडा ठेवतं, आतापर्यंतचं सगळं पुन्हा बघतं, आणि पुढे कुठला तुकडा शोभेल याचा अंदाज करून तो ठेवतं. स्क्रीनवर अक्षरं धावत येतात ती देखाव्यासाठी नाही, तशीच घडत असतात. हा अंदाज त्याने आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून आणि समोरच्या फायलीवरून बांधलेला असतो. दोन वाक्यं घ्या. एक: ‘पीक विम्याच्या बीड पॅटर्नमध्ये कंपनीचा नफा … टक्क्यांपर्यंत मर्यादित असतो.’ रिकाम्या जागी २० येईल, कारण ही गोष्ट २०२० पासून बातम्यांत, विधानसभेत, लेखांत असंख्य वेळा छापून आली आहे. २० टक्क्यांवरचा नफा सरकारला परत, आणि नुकसानभरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारवर. दुसरं वाक्य: ‘आमच्या महसूल मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी … किलो आहे.’ हा आकडा कुठल्यातरी तक्त्यात असतो, गप्पांत नसतो. मॉडेलने तो वाचला असण्याची शक्यता नगण्य. पण रिकामी जागा तर भरायचीच आहे. मग ते शोभेल असा आकडा ठेवतं, तितक्याच सहजतेने. दोन्ही वाक्यं दिसायला सारखीच खणखणीत. कुठलं आठवून लिहिलं आणि कुठलं जुळवून, हे अक्षरांवरून कळत नाही. याला लोक यंत्राचं खोटं बोलणं म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं.

आता मामांचं पत्र. अर्ध्या मिनिटात आलं. भाषा अशी की मीही लिहिली नसती, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत एकदम पक्कं. मामांना वाचून दाखवलं, तेही खूश. मग मी पेन घेऊन बसलो आणि तीन ठिकाणी गोल केले.

पहिला गोल: ‘मी १ रुपया भरून विमा उतरवला होता.’ दुसरा गोल: ‘नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत दिली आहे.’ दोन्ही वाक्यं एके काळी अगदी बरोबर होती. खरीप २०२३ पासून राज्यात १ रुपयात विमा होता, आणि शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायची धावपळ आम्हीच दुकानात केलेली. पण खरीप २०२५ पासून १ रुपयाची योजना बंद झाली, शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. भरपाईही फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरणार, म्हणजे वैयक्तिक पूर्वसूचनेचा भागच उरला नाही. मदतनिसाने हे कुठून आणलं? माझ्याच फोल्डरातून! युनिकोडमधली पत्रं अलीकडची, म्हणजे नेमकी २०२३ आणि २०२४ ची. मीच ‘आधीच्या पत्रांसारखं’ म्हटलं होतं. कारकुनाने जुनी टिपणी लावली, साहेबाने तिच्यावरून आदेश लिहिला. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

तिसरा गोल शासन निर्णयाच्या संदर्भावर होता, आणि तो कुठल्याच फायलीत नव्हता. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या शेवटी १८ आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. पत्रातल्या संकेतांकात वर्ष ठीक होतं, पुढचे दोन आकडे होते १७. सतरावा महिना. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, “अधिक मास धरला असंल त्यानं.” अधिक मास धरूनही तेराच होतात, पण मुद्दा कळला. ही तपासणी कुणालाही दहा सेकंदांत करता येते, आणि त्यातून सुटला तर शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून निर्णय उघडतो का बघावं.

अशा चुका आमच्यासारख्या टपरीवरच होतात असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेलं तपासल्याशिवाय वापरू नये, असं न्यायालयाने बजावलं.

तर मग काय करायचं? मी विचारण्याची तऱ्हा बदलली. ‘आधीच्या पत्रांसारखं’ हा शब्दप्रयोग सोडला. आता चालू वर्षाच्या शासन निर्णयाची पीडीएफ आधी उघडतो आणि सांगतो, ‘फक्त या कागदाच्या आधारे लिही, जे यात नाही तिथे जागा रिकामी सोड.’ रिकामी जागा सोडायला सांगणं हे मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य. मदतनिसाला ते आपणहून सुचत नाही, पण सांगितलं तर तो बहुतेक वेळा पाळतो. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर आधी तिच्यातला मजकूर अक्षरांत आला आहे का ते बघावं, नाहीतर तो नुसता फोटो.

बेरजांचं वेगळं आहे. शोभणारा पुढचा तुकडा शोधणाऱ्याला बेरीज येतेच असं नाही. उसाच्या काटापावत्यांची यादी चिकटवून ‘एकूण टन सांग’ म्हटलं तर उत्तर येईल, बरोबर असेलच याची खात्री नाही. पण तेच काम एक्सेलसारख्या तक्त्याच्या आत सांगितलं तर मदतनीस बहुधा स्वतः बेरीज करत नाही, सूत्र लिहितो आणि बेरीज तक्ता करतो. खात्री करायची असेल तर उत्तराच्या घरात क्लिक करा. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र दिसलं तर ती बेरीज तक्त्याची, नुसता आकडा दिसला तर मदतनिसाची. २०२५-२६ च्या हंगामात सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरला होता. शंभर टनांना एक टनाचा घोळ झाला तरी कुणाच्या खिशातून किती गेले ते लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदाराला कमी आणि संस्थाचालकांना जास्त लागू. मदतनीस तुमच्या नावावर उघडणाऱ्या सगळ्या फायली बघू शकतो, तुम्हाला ज्याची परवानगी नाही त्या नाही. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण आपल्याकडे फोल्डर शेअर करताना ‘सर्वांना’ वर टिचकी मारून मोकळं होण्याची पद्धत आहे. एका संस्थेत असंच झालं. नव्या लिपिकाने सहज विचारलं, ‘पगारवाढीबद्दल काय ठरलंय?’ आणि सगळ्यांच्या पगारांचा तक्ता समोर. फाइल आधीपासूनच उघडी होती, पण आठ फोल्डर आत कुणी जात नव्हतं. मदतनिसाला आठ फोल्डर आणि एक फोल्डर सारखेच.

बाहेरच्यांच्या कागदांचं तर विचारूच नका. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक अर्जात आधार क्रमांक, सातबारा, बँक खातं असतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने तर जानेवारी २०२५ मध्येच आपल्या लोकांना सांगून टाकलं होतं की कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे वापरू नका. ऑफिससाठी पैसे भरून घेतलेल्या खात्यातला मजकूर मॉडेल शिकवायला वापरत नाही, असं मोठ्या कंपन्या लिहून देतात. फुकटच्या खात्यात ते सेटिंगवर असतं, आणि ते सेटिंग कुणी उघडून बघत नाही. मी आधार क्रमांकाच्या जागी फुल्या टाकून मसुदा करून घेतो आणि खरा आकडा छापायच्या आधी हाताने भरतो. वेळ जातो. जाऊ दे.

हे सगळं आता सरकारी टेबलावरही येतंय. राज्याच्या पोलिसांसाठी मार्व्हल ही संस्था २०२४ मध्ये उभी राहिली आणि तिच्या सहभागातून मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर महाक्राइमओएस नावाची प्रणाली तयार झाली. तक्रारी आणि जबाबांतून माहिती वेगळी काढणं, तपासाचा क्रम सुचवणं, बँकांना व मोबाइल कंपन्यांना द्यायच्या पत्रांचे मसुदे करणं ही तिची कामं. नागपूरच्या २३ ठाण्यांत ती चालवून पाहिली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या सगळ्या १,१०० ठाण्यांत नेण्याचं जाहीर झालं. त्यात आपली बीडचीही ठाणी आली. तिथला जबाब ‘माझ्या कोयत्याची उचल मुकादमाने बुडवली’ असाच सुरू होणार.

म्हणून मी एक फाइल केली आहे, युनिकोडमध्ये, एका पानाची. नाव ‘आपले शब्द’. त्यात कोयता म्हणजे जोडी, अर्धा कोयता म्हणजे एकटा मजूर, उचल म्हणजे आगाऊ रक्कम, मंडळ म्हणजे महसुली मंडळ, समिती नव्हे, असे दहा शब्द एकेका ओळीत. करारनामा करताना ती फायलीला जोडतो. मुकादमाचं इंग्रजी पुन्हा करून घेतलं तेव्हा जोडी बरोबर आली, रक्कम बरोबर आली, पान छान दिसत होतं. छापायला टाकणार तेवढ्यात खालच्या परिच्छेदात नजर गेली. ‘मुकादमाची टोळी’ याच्यासाठी जो इंग्रजी शब्द आला होता, तो दरोडेखोरांना लावतात.

अकरावी ओळ घातली: टोळी म्हणजे ऊसतोड मजुरांचा गट.